कळत्या वयाचे सिनेमे आणि स्वतःच्याच पुस्तकाचा सिनेमा करणारे लेखक: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वाचनालयात महिन्यातून दोन शनिवारी आठवी ते बारावीतली मुलंमुली जमतात, आधी पुस्तक वाचतात आणि मग आम्ही सगळे मिळून त्याच पुस्तकावरचा सिनेमा बघतो. नंतर चहा-बिस्किटांवर जी चर्चा होते त्यात तेच तेच प्रश्न येतात, मुलांचे येतात, न्यायला आलेल्या पालकांचे येतात, आणि उत्तरं देता देता माझंही एक मत पक्कं होत गेलंय, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून काढलं. बोलते तसंच लिहिलंय. जिथे गोष्टीचं गुपित फुटतं तिथे आधी सांगितलंय.

'कमिंग ऑफ एज' म्हणजे वयात येण्याचा सिनेमा का?

शब्दाला शब्द लावला तर हो, पण मराठीत 'वयात आली' म्हटलं की डोक्यात एकच अर्थ येतो, शरीराचा, आणि तोही बहुतेक वेळा मुलींपुरता. मी 'कळतं होणं' म्हणते. आपल्याकडे या वयासाठी शब्द कमी नाहीयेत बघा, मिसरूड फुटलं, शिंगं फुटली, हाताशी आला, बापाची चप्पल पायात बसायला लागली, पण हे सगळे मोठ्यांच्या तोंडचे शब्द आहेत. शिंगं फुटली हे वैतागलेली आई म्हणते, हाताशी आला हे दमलेला बाप म्हणतो. ज्याला शिंगं फुटतायत त्याला आतून काय होतंय त्याला शब्दच नाही. हे सिनेमे तिथून सुरू होतात. मोठ्यांचं जग मुलाच्या उंचीवरून जसं दिसतं तसं दाखवायचं, आणि मोठी माणसंही घाबरतात, खोटं बोलतात, हरतात हे त्याला पहिल्यांदा कळतं तो क्षण पकडायचा.

त्यात शाळेतलं प्रेमप्रकरण असायलाच हवं का?

अजिबात नाही. खाली 'केस' नावाच्या इंग्रजी सिनेमाबद्दल लिहिलंय, त्यात प्रेम आहे पण ते एका पक्ष्यावर.

लेखकानं स्वतःच पटकथा लिहिली म्हणजे सिनेमा पुस्तकाबरहुकूम होतो, बरोबर ना?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि उत्तर बरोबर उलटं आहे. माझ्या बघण्यात असं आलंय की स्वतःच्या पुस्तकाला कात्री लावायची हिंमत लेखकाइतकी दुसऱ्या कोणात नसते. दुसरा पटकथाकार असला तर तो बिचकतो, एवढं गाजलेलं पुस्तक, वाचक काय म्हणतील, लेखकाला काय वाटेल. लेखकाला ती भीती नसते, त्याला माहीत असतं की कुठलं पात्र गोष्टीचा खांब आहे आणि कुठलं त्यानं फक्त जीव जडला म्हणून ठेवलं होतं.

जॉन आयर्विंगचं 'द सायडर हाऊस रूल्स' घ्या. कादंबरी १९८५ची, मेन राज्यातल्या एका अनाथाश्रमात वाढलेल्या होमर वेल्स नावाच्या मुलाची. सिनेमा यायला १९९९ उजाडलं, पटकथेवर तेरा वर्षं गेली आणि दिग्दर्शक चार झाले. त्या पटकथेत आयर्विंगनं मेलनी हे पात्र पूर्ण काढून टाकलं. पुस्तक वाचलंय त्यांना कळेल मी काय म्हणतेय, मेलनी म्हणजे कादंबरीतली सगळ्यात जबरदस्त, रागानं धुमसणारी मुलगी, तिच्याशिवाय ते पुस्तक डोळ्यासमोर येत नाही. पण ती इतकी ताकदवान आहे की दोन तासांच्या सिनेमात होमर तिच्या सावलीत गेला असता. होमरचा मुलगाही गेला, पंधराएक वर्षांचा काळ आक्रसून दीड-दोन वर्षांत बसवला. आणि एवढं सगळं तोडून त्याच पटकथेला २००० साली रूपांतरित पटकथेचं ऑस्कर मिळालं. दुसऱ्या कोणी मेलनीला काढलं असतं तर वाचकांनी त्याचं काय केलं असतं कोण जाणे.

सुरुवात कुठल्या सिनेमापासून करू?

'द पर्क्स ऑफ बीइंग अ वॉलफ्लॉवर'. मी कायम इथूनच सुरुवात करते कारण यात लेखक, पटकथाकार आणि दिग्दर्शक तिन्ही एकच माणूस आहे, स्टीफन चबॉस्की, त्यामुळे कुठला निर्णय कोणाचा हा वादच उरत नाही. वॉलफ्लॉवर म्हणजे पार्टीत भिंतीला टेकून उभा राहणारा, सगळं बघणारा पण मध्ये न येणारा. प्रत्येक वर्गात असा एक असतोच.

पुस्तक फेब्रुवारी १९९९मध्ये आलं, एमटीव्हीच्या पुस्तक शाखेतर्फे. चार्ली नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा कुणा अनोळखी 'मित्रा'ला पत्रं लिहितो, पहिलं पत्र २५ ऑगस्ट १९९१चं. त्याच्या एकुलत्या एक मित्रानं आत्महत्या केलीय, हायस्कूलचं पहिलं वर्ष सुरू होतंय, आणि मग त्याला पॅट्रिक आणि सॅम भेटतात, सावत्र भावंडं, शेवटच्या वर्षातली. एवढीच गोष्ट. सिनेमा २०१२चा, लोगन लर्मन, एमा वॉटसन आणि एझ्रा मिलर. चबॉस्की पिट्सबर्गजवळच वाढलेला आणि शूटिंगही त्यानं तिथेच केलं.

आता वर्षं मोजा. चबॉस्कीचा जन्म १९७०चा. पुस्तक आलं तेव्हा तो एकोणतीसचा, सिनेमा आला तेव्हा बेचाळीसचा. पुस्तकात तो अजून चार्लीच्या जवळ उभा आहे, चार्लीच्या हातानं लिहितोय. सिनेमात तो चार्लीकडे बघतोय. दोन्हींत हाच फरक आहे आणि माझ्या मते सिनेमा चांगला झाला तो यामुळेच. पुस्तकातला शिक्षक बिल बघा आणि सिनेमातला मिस्टर अँडरसन बघा, पॉल रडनं केलेला. पुस्तकात तो चार्लीला दिसतो तेवढाच, एकामागून एक पुस्तकं देणारा. सिनेमात त्याच्या चेहऱ्यावर एक काळजी आहे, ती चार्लीला दिसत नाही, आपल्याला दिसते. मुलाकडे काळजीनं बघणं काय असतं हे बेचाळिशीत जास्त कळत असणार.

पुस्तक सगळं पत्रांत आहे, मग ते पडद्यावर कसं आणलं?

पत्रं पूर्ण टाकून दिली नाहीत, निवेदनात थोडी ठेवली, पण भार त्यांच्यावर नाही ठेवला. शाळेतल्या डान्सचा सीन बघा (पुस्तक वाचून मग बघा, जास्त मजा येते). चार्ली खरोखरच भिंतीला टेकून उभा आहे, मध्ये पॅट्रिक आणि सॅम वेड्यासारखे नाचतायत, आणि हा भिंतीवरून निघून, लाजत, थांबत, गर्दीतून पुढे पुढे सरकत मध्यभागी येतो. संवाद नाही. पुस्तकाचं नाव जे सांगतं ते त्या काही पावलांत आलं. मी मुलांना नेहमी विचारते की याच्यासाठी पत्रात किती वाक्यं लागली असती.

आणि हे त्याला जमलं याचं एक साधं कारणही आहे, त्याचं शिक्षणच पटकथालेखनाचं, कॅलिफोर्नियात. पुस्तकाच्या आधी, १९९५मध्ये, त्याचा पहिला सिनेमा सनडान्स महोत्सवात दाखवला गेला होता. म्हणजे तो सिनेमावाला होता ज्यानं मध्ये एक कादंबरी लिहिली. खाली ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्या बाकीच्यांचंही असंच दिसतं, पीटर हेजेस नाटकं लिहायचा, मार्जान सत्रापी चित्रं काढायची. जो फक्त वाक्यांत विचार करतो त्याला आपलं पुस्तक पडद्यावर नेणं जड जातं.

बोगद्यातलं गाणं पुस्तकात वेगळं आहे आणि सिनेमात वेगळं, का बदललं?

पुस्तकात फ्लीटवुड मॅकचं 'लँडस्लाइड', सिनेमात डेव्हिड बोवीचं 'हीरोज'. शहरात शिरताना फोर्ट पिट नावाचा बोगदा आहे, त्यातून बाहेर पडलं की नदी, पूल आणि दिव्यांनी उजळलेलं सगळं पिट्सबर्ग एकदम समोर येतं. गाडी भरधाव, सॅम मागे उभी, हात पसरलेले. मला विचाराल तर 'लँडस्लाइड' हे एकट्यानं ऐकायचं गाणं आहे, हळू, आत वळणारं. पुस्तक एकटा माणूस एकट्यानं वाचतो त्यामुळे तिथे ते चालतं. वाऱ्यात हात पसरून उभ्या मुलीच्या मागे ते वाजलं असतं तर तो क्षण उदास झाला असता. 'हीरोज' पहिल्यापासून चढत जातं, आणि सिनेमात त्या तिघांना ते गाणं कुठलं हेच माहीत नाही, ते शोधत राहतात. १९९१-९२चा काळ आहे, रेडिओवर एखादं गाणं लागलं आणि नाव नाही सांगितलं की ते गेलं. आमच्या गटातल्या मुलांना हे समजावायला लागतं, आमच्या वयाच्या लोकांना नाही, आम्ही विविध भारतीवर असंच कान लावून बसायचो.

पुस्तकातलं काय काय गाळलं?

बहिणीचं गर्भारपण आणि गर्भपात हा पुस्तकातला मोठा भाग, तो सिनेमात नाही. पुस्तकात चार्लीचा मोठा परिवार आहे, आजोबा आहेत, सणाला जमणारे नातेवाईक आहेत, ते बरंच कमी झालंय. बहिणीच्या भागाबद्दल मला वाईट वाटलं, खरंच वाटलं, कारण भावाबहिणीत जो अबोला असतो तो त्या एका प्रसंगात मोडतो आणि मग ती दोघं वेगळी होतात. पण गोष्ट चार्लीच्या जखमेकडे चाललीय आणि वाटेत आणखी एक एवढी मोठी जखम उघडली असती तर शेवटच्या भागाला जागा उरली नसती. इथे चबॉस्कीनं आयर्विंगसारखंच केलं, चांगलं होतं तेच कापलं.

मुलांना दाखवावा का? किती वयापासून?

(इथे गुपित फुटतंय.) यात आत्महत्येचा उल्लेख आहे, दारू आणि ड्रग्ज आहेत, समलिंगी मुलाला झालेली मारहाण आहे आणि मुळाशी लहानपणी घरातल्याच प्रेमळ माणसाकडून झालेलं लैंगिक शोषण आहे. अमेरिकेत आधी त्याला 'आर' (सतराखालच्यांना मोठ्यांबरोबरच प्रवेश) मिळत होतं, मग अपील करून 'पीजी-थर्टीन' (तेराखालच्यांच्या पालकांना फक्त इशारा) झालं. पुस्तक तर अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांच्या यादीत अनेक वर्षं आहे.

मी नववीच्या खाली दाखवत नाही, आणि पालकांना आधी सांगून दाखवते. पण दाखवते. कारण अशी गोष्ट घडलेलं मूल प्रत्येक गटात असू शकतं आणि त्याला कोणीतरी मोठ्यानं सांगावं लागतं की हे तुझ्यामुळे झालं नाही. फक्त एक करा, सिनेमा संपल्यावर लगेच दिवे लावून 'कसा वाटला' विचारू नका. बसू द्या थोडा वेळ. आणि नंतर एखादं मूल काही सांगायला आलं तर चारचौघांत नको, बाजूला बसून पूर्ण ऐकून घ्या, आणि १०९८ हा चाईल्डलाईनचा नंबर हाताशी ठेवा.

लेखक आणि पुस्तकातलं वय यात अंतर असलंच पाहिजे असं तुम्ही म्हणताय का?

हो, पण ते अंतर दरवेळी वर्षांचंच असतं असं नाही, आणि हे मला 'केस'नं शिकवलं. मी आधी सगळ्यांना सांगायचे की किमान दहा वर्षं जायला हवीत. मग 'केस' बघितला आणि ते गणित मोडलं.

बॅरी हाइन्सची 'अ केस्ट्रल फॉर अ नेव्ह' ही कादंबरी १९६८ची आणि केन लोचचा सिनेमा १९६९चा. पटकथा हाइन्स, लोच आणि निर्माता टोनी गार्नेट यांची. म्हणजे पुस्तक आणि सिनेमा जवळपास पाठोपाठ. इंग्लंडमधलं बार्न्सली, कोळशाच्या खाणी, बिली कॅस्पर नावाचा मुलगा, बाप घर सोडून गेलेला, मोठा भाऊ खाणीत जाणारा आणि हाणामारी करणारा. बिलीला एक केस्ट्रल मिळतो, छोटा ससाणा, आणि तो पुस्तकातून शिकून त्याला स्वतः तयार करतो. सगळ्या शाळेनं वाया गेलेला ठरवलेला मुलगा ससाण्याबद्दल वर्गात बोलायला लागतो तेव्हा सगळा वर्ग गप्प होऊन ऐकतो. तो सीन बघून आमच्याकडचे शिक्षक गप्प झालेत. बिलीचं काम करणारा डेव्हिड ब्रॅडली तिथलाच शाळकरी मुलगा, पोरं सगळी तिथली, बोली तिथली, आणि सिनेमासाठी ससाणे तयार केले हाइन्सच्याच भावानं.

मग इथे अंतर कुठून आलं? हाइन्स त्याच खाणपट्ट्यातला, पण पुढे तो शाळेत पीटीचा मास्तर झाला. म्हणजे बिली बसतो त्या बाकावरून उठून तो टेबलाच्या पलीकडे गेला होता. आणि त्या सिनेमातला सगळ्यात क्रूर आणि हास्यास्पद माणूस कोण आहे, पीटीचा मास्तर! फुटबॉलच्या मैदानावर पोरांना ढकलून स्वतः बॉबी चार्ल्टन बनून खेळणारा. ते काम ब्रायन ग्लोव्हरनं केलं, तोही खरा शिक्षक आणि वर कुस्तीगीर. स्वतःच्याच पेशाकडे इतक्या निर्दयपणे बघू शकणारा लेखक वर्षं गेली नसली तरी पुरेसा लांब गेलेला असतो.

(शेवट सांगतेय.) पुस्तकात भाऊ ससाण्याला मारतो त्यानंतर बिली धावत सुटतो आणि एका बंद पडलेल्या सिनेमा थिएटरात शिरतो, तिथे कधीतरी तो बापाबरोबर बसलेला असतो ती आठवण येते. पुस्तकातला फार सुंदर भाग. सिनेमात तो नाही. बिली ससाण्याला पुरतो आणि संपलं. सिनेमा थिएटरचा सीनच सिनेमातून काढला, आणि ते बरोबर आहे, कारण दीड तास आपण बिलीच्या बाहेर उभे राहून त्याला बघत आलोय, शेवटी एकदम त्याच्या डोक्यात शिरलो असतो तर ते सुटं पडलं असतं.

आपला 'फँड्री' आठवला असेल ना? मलाही आठवतो, एक मुलगा, एक पक्षी, एक शाळा आणि खाली दाबणारं सगळं गाव. तो नागराज मंजुळेंनी थेट पडद्यासाठीच लिहिला, पुस्तकावरून नाही. पण दोन्ही लागोपाठ दोन शनिवारी दाखवा, मुलं आपोआप बोलायला लागतात.

लेखक स्वतःच शाळेत असताना पुस्तक लिहिलं असेल तर?

एस. ई. हिंटन! ओक्लाहोमातल्या टल्सा गावची. 'द आऊटसायडर्स' १९६७मध्ये आलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती, लिहायला सुरुवात केली ती शाळेत असतानाच. पुढे कॅलिफोर्नियातल्या एका शाळेच्या ग्रंथपाल बाईंनी आणि मुलांनी फ्रान्सिस फोर्ड कोपोलाला पत्र लिहिलं की याचा सिनेमा तुम्हीच करा, आणि त्यानं केला, १९८३मध्ये. ग्रंथपालांच्या पत्रानं सिनेमा होतो हे मी आमच्या वाचनालयात दर वर्षी सांगते. त्याची पटकथा हिंटनची नाही, पण ती शूटिंगला असायची, छोटी नर्सची भूमिकाही केलीय. आणि त्याच काळात सुट्टीच्या रविवारी कोपोला आणि ती मिळून तिच्या आणखी एका कादंबरीची, 'रंबल फिश'ची पटकथा लिहीत बसायचे. तोही १९८३लाच आला. सगळा काळापांढरा, फक्त लढाऊ मासे रंगीत, कारण मोठ्या भावाला रंग दिसत नाहीत. मला स्वतःला 'रंबल फिश' जास्त आवडतो, मुलांना 'आऊटसायडर्स', आणि हा वाद दरवेळी होतो.

चित्रांचं पुस्तक असेल तर सोपं जात असेल ना, स्टोरीबोर्ड तयारच असतो?

असं वाटतं खरं. मार्जान सत्रापीचं 'पर्सेपोलिस' बघितल्यावर वाटणं थांबतं. तेहरानमधली एक बडबडी मुलगी, १९७९ची क्रांती, डोक्यावर आलेला स्कार्फ, इराकशी युद्ध, मग आईबापांनी एकटीला व्हिएन्नाला पाठवणं. पुस्तक फ्रान्समध्ये २००० ते २००३ या काळात चार भागांत आलं, सिनेमा २००७चा, व्हिन्सेंट पारोनोबरोबर तिनं स्वतः दिग्दर्शित केलेला. कानमध्ये ज्युरी पुरस्कार मिळाला, इराण सरकारकडून निषेध झाला. पुस्तकात प्रत्येक चौकट स्थिर असते, वाचक हवा तेवढा वेळ थांबतो. सिनेमात ती चौकट हलायला लागते आणि मग किती वेळ थांबायचं हे तिलाच ठरवावं लागलं. तिनं रंग भरले नाहीत (आजचा विमानतळ तेवढा रंगीत आहे, आठवणी काळ्यापांढऱ्या), चेहरे तसेच साधे ठेवले. त्यामुळे ती मुलगी इराणी असूनही आपल्या चाळीतली वाटते. सत्रापीला लागणारं अंतर देश सुटल्यामुळे मिळालं.

चर्चेत लासे हॉलस्ट्रमचं नाव सारखं का घेता?

कारण हा स्वीडिश दिग्दर्शक लेखकांना बरोबर घेऊन बसतो, आणि हे फार कोणाच्या लक्षात येत नाही. १९८५चा 'माय लाइफ ॲज अ डॉग', त्याच्या पटकथेत मूळ कादंबरीकार रेडार यॉन्सन सहभागी. १९९३चा 'व्हॉट्स ईटिंग गिल्बर्ट ग्रेप', पटकथा कादंबरीकार पीटर हेजेसची, यातल्या कामासाठी लिओनार्डो डिकॅप्रिओला एकोणिसाव्या वर्षी ऑस्करचं नामांकन मिळालं. आणि १९९९चा 'सायडर हाऊस रूल्स', वर लिहिलंय तो. तीन वेगळी ठिकाणं, तीन वेगळे काळ, तिन्हीकडे घरचा आधार निसटलेला मुलगा आणि तिन्हीकडे लेखक पटकथेच्या टेबलावर. 'डॉग'मधला इंगमार आपलं दुःख मोजताना रशियनांनी अवकाशात पाठवलेल्या लायका कुत्रीचा विचार करतो, तिला परत आणायची सोयच नव्हती, मग माझं तेवढं वाईट नाही. हा सिनेमा सहावी-सातवीलाही चालतो, पण थोडा भाग आधी बघून घ्या.

लेखकानं स्वतः करू नये असंही होतं का?

होतं. इंग्रज कादंबरीकार निक हॉर्नबी हे त्याचं छान उदाहरण. त्याच्या 'अबाउट अ बॉय'चा २००२चा सिनेमा त्यानं नाही लिहिला, तो वाइट्झ बंधू आणि पीटर हेजेसनं लिहिला, हो, तोच गिल्बर्ट ग्रेपवाला. आणि हॉर्नबीनं काय केलं, तर लिन बार्बरच्या आठवणींवरून 'ॲन एज्युकेशन' लिहिला, कोल्म टोबिनच्या कादंबरीवरून 'ब्रुकलिन' लिहिला, दोन्ही तरुण मुलींच्या कळत्या होण्याच्या गोष्टी, दोन्हींना ऑस्करची नामांकनं. दुसऱ्याच्या मुलाकडे बघताना ते अंतर आयतंच मिळतं. चबॉस्कीनंही पुढे २०१७मध्ये आर. जे. पलासिओच्या पुस्तकावरून 'वंडर' केला, पाचवीतल्या ऑगीची गोष्ट, तो आमच्याकडे लहान गटात सगळ्यात जास्त मागणी असलेला सिनेमा आहे.

मराठीत असं कोणी केलंय का?

आपल्याकडची दोन मोठी उदाहरणं दुसऱ्यांनी केलेली आहेत. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, सिनेमा आला १९५३ला, आचार्य अत्र्यांचा, तोपर्यंत गुरुजी गेले होते. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. पण पुस्तक कसं रचलंय बघा, मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रात्री बसून सांगतोय. मी वर जे अंतर अंतर म्हणतेय ते गुरुजींनी पुस्तकातच घालून ठेवलंय.

दुसरं मिलिंद बोकिलांचं 'शाळा', २००४चं पुस्तक. आणीबाणीतली नववी, मुकुंद जोशी आणि शिरोडकर. सिनेमा २०११चा, दिग्दर्शन सुजय डहाके, पटकथा अविनाश देशपांडे, आणि त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाबरोबर रूपांतरित पटकथेचाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सिनेमा देखणा आहे, मुलं गोड आहेत. पण मुकुंदच्या डोक्यात सतत चाललेली ती बडबड, चिवट, खवचट, निरागस, ती ज्यांना पाठ आहे त्यांना काहीतरी कमी पडल्यासारखं होतं, मलाही झालं. बोकिलांनी स्वतः लिहिलं असतं तर त्यांनी ती बडबड ठेवली असती का? मला वाटतं उलट त्यांनीच आणखी काढली असती. डहाक्यांनी पुढे २०२३मध्ये 'श्यामची आई'ही पुन्हा केला, कृष्णधवल.

लेखकानं स्वतः केलेलं बघायचं तर रत्नाकर मतकरींचा 'इन्व्हेस्टमेंट' बघा. स्वतःच्याच कथेवरून त्यांनी लिहिला आणि सत्तरी ओलांडल्यावर दिग्दर्शित केला, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शाळकरी मुलाच्या हातून गुन्हा घडतो आणि आईबाप तो निस्तरायला निघतात. यात मूल कळतं होतं, पण त्याला कळतं ते हे की पैशानं सगळं मिटवता येतं. पालकांबरोबर बघायचा सिनेमा आहे, नंतर घरी जाताना गाडीत शांतता असते.

सिरीजचं काय? तिथे तर लेखक सगळीकडे दिसतात.

हो, ॲलिस ओसमननं 'हार्टस्टॉपर' स्वतः लिहिली, जेनी हान 'द समर आय टर्न्ड प्रिटी'मध्ये आहे. सिरीजमध्ये आठ-आठ भाग मिळतात त्यामुळे कापावं लागत नाही, आणि माझी तक्रार तीच आहे, कापावं लागत नाही म्हणून काय महत्त्वाचं हे ठरवावंही लागत नाही. 'हार्टस्टॉपर' मात्र गोड आहे, कॉमिकमधली पानं उडतात तशी पडद्यावर उडवलीयत.

आधी पुस्तक वाचू की आधी सिनेमा बघू?

आधी पुस्तक. फक्त 'रंबल फिश' उलटा करा.

मी नववीत आहे, माझ्या कथेची शॉर्ट फिल्म करायचीय, कुठून सुरुवात करू?

कथा कागदावर प्रिंट काढ किंवा हातानं उतरव. मग एक रंगीत पेन घे आणि 'वाटलं', 'आठवलं', 'जाणवलं', 'कळलं' असे शब्द असलेलं प्रत्येक वाक्य अधोरेखित कर. ती वाक्यं कॅमेऱ्याला दिसत नाहीत. प्रत्येकासाठी एखादी वस्तू, एखादी कृती किंवा एखादा आवाज सापडतो का बघ, नाही सापडला तर ते वाक्य फिल्ममध्ये नाही. मग तुझा सगळ्यात आवडता प्रसंग शोध आणि तो काढून कथा पुन्हा वाच. कथा उभी राहिली तर तो प्रसंग कथेला नको होता, तुला हवा होता. आणि हे सगळं कथा लिहिल्यावर लगेच करू नकोस, वहीत ठेवून दे, एक परीक्षा जाऊ दे मध्ये.

गेल्या वर्षी आमच्या गटातल्या एका मुलीनं आजी गेल्यावर लिहिलेल्या कथेचं असं केलं. कथेत रडण्याचं अर्धं पान होतं, दवाखाना होता, आजीच्या हातचे लाडू होते. सहा महिन्यांनी तिनं स्वतःच ते सगळं काढलं. आजी कुकरच्या शिट्ट्या मोजायची आणि तिसऱ्या शिट्टीला आतून ओरडायची, गॅस बंद करा गं. आता फिल्ममध्ये घरातले सगळे आपापल्या खोलीत आहेत, कुकर लावलाय, तिसरी शिट्टी होते, चौथी होते, पाचवी होते आणि मग आई हातातलं टाकून धावत स्वयंपाकघरात जाते. अडीच मिनिटांची आहे, मोबाईलवर शूट केलीय.